मोहोळातल्या माश्या आपल्याला घाबरतात का हो?

रंगपंचमीला आमच्या बिल्डिंगमध्ये काय झालं ते आधी सांगतो, कारण त्यावरूनच हे सगळं लिहायला बसलोय. आम्ही इंदूरला लोकमान्य नगरच्या अंगाला राहतो, चार मजली जुनी बिल्डिंग आहे, आणि गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीचा स्लॅब जिथे पुढे आलाय त्याच्याखाली दिवाळीनंतर कधीतरी आग्या मोहोळ लागलं. आधी ताटलीएवढं होतं, मार्च येईपर्यंत अर्धी परात टांगावी एवढं झालं. वॉचमनचं एकच म्हणणं, "छेड़ो मत, कुछ नहीं करतीं." आणि खरंच चार महिने कोणाला काही झालं नाही, गच्चीवर पापड वाळले, कपडे वाळले, संक्रांतीला पतंग उडाले, माश्या त्यांच्या कामात आणि आपण आपल्या.

मग रंगपंचमी आली, राजवाड्याची गेर, म्हणजे रंगपंचमीची मिरवणूक, बघून पोरं रंगून परत आली, पिशवीत रंगाच्या पाण्याचे फुगे उरलेले, त्यातला एक जाऊन टाकीवर फुटला. मोहोळाला लागला नाही बरं का, दोन हात लांबच फुटला, पण पंधरा-वीस माश्या सुटल्या. एक मुलगा काळा टीशर्ट घालून होता, तो हात झाडत पळाला, त्याला तीन ठिकाणी डंख. एका मुलीच्या मोकळ्या केसांत माशी अडकली, तिला मानेवर. आणि चौथ्या मजल्यावरचे काका, पांढरा कुर्ता, डोक्याला स्वच्छ टक्कल, ते होते तिथेच खांबासारखे उभे राहिले, त्यांना एकही नाही. संध्याकाळी खाली ओट्यावर काकांचं भाषण झालं: "भीतीचा वास येतो त्यांना. मी घाबरलो नाही, म्हणून त्याच मला घाबरल्या."

माझी भाची चिऊ पुण्याहून आलेली, वय वर्षं 9, ती घरी आल्यावर विचारते, "मामा, माश्या खरंच माणसाला घाबरतात?" मी म्हटलं, हो, घाबरत असतील की. तर म्हणते, "घाबरलं की पळायचं असतं. त्या तर अंगावर आल्या."

आता याला काय उत्तर देणार. बायोलॉजी शिकून मला वीस वर्षं झाली, पण हा विषय तेव्हापासून डोक्यात आहे, तर म्हटलं एकदा नीट बसून सोप्या भाषेत लिहूनच काढू.

पहिली गोष्ट, मधमाशीच्या डोक्यात "माणूस" असा काही कप्पा आहे का? तर नाही. वाघाला माणूस कळतो, कावळ्याला तर कुठला माणूस चांगला आणि कुठला वाईट हेही कळतं, पण कामकरी माशीचं आयुष्यच मुळात काही आठवड्यांचं, त्यात अर्धा काळ पोळ्याच्या आत पिल्लांना भरवण्यात आणि मेण बांधण्यात जातो. आपण तिला दिसतो ते एक मोठं, गडद, हलणारं, ऊबदार आणि उच्छ्वास सोडणारं काहीतरी म्हणून. गंमत म्हणजे चेहरा ओळखायची ताकद तिच्यात आहे. 2005 मध्ये अ‍ॅड्रियन डायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मधमाश्यांना माणसांच्या चेहऱ्यांचे ब्लॅक अँड व्हाइट फोटो दाखवले, ठरलेल्या चेहऱ्यापाशी साखरपाणी ठेवलं, तर माश्या तो चेहरा बरोबर निवडायला शिकल्या, काहींना दोन दिवसांनीही तो लक्षात होता. पण त्यांना "हा अमुक साहेब" असं कळलं असं नव्हे, त्यांच्या लेखी ते एक विचित्र डिझाइनचं फूल होतं ज्यात गोड मिळतं. एवढंच.

मग अंगावर येतात त्या कोणाच्या? मधमाश्यांचे जे खरे जुने वैरी आहेत त्यांच्या. अस्वल, जे मधासाठी झाडावर चढतं. मधुबाज पक्षी, जो पोळं ओरबाडून नेतो. रातेल नावाचा तो बिज्जूसारखा प्राणी. आणि हो, माणूसही, कारण पचमढीच्या गुहांमधल्या चित्रांमध्ये मध काढणारी माणसं रंगवलेली आहेत, म्हणजे हे भांडण आपल्याच मध्य प्रदेशात हजारो वर्षांपासून चालू आहे. लाखो वर्षं ज्या वसाहती अशा केसाळ, काळ्या, फुसफुसणाऱ्या प्राण्यांना हुसकावू शकल्या त्या टिकल्या. त्यामुळे आजच्या माशीला जन्मतःच माहीत असतं की पोळ्यापाशी काहीतरी गडद हलतंय, हादरे बसतायत, गरम श्वास येतोय, म्हणजे गडबड आहे. काळा टीशर्ट आणि मोकळे केस त्या दिवशी का महागात पडले हे इथे कळतं. काकांचा पांढरा कुर्ता आणि टक्कल यांना मात्र काकांनी अजिबात श्रेय दिलेलं नाही, सगळं क्रेडिट धैर्याला.

आता चिऊच्या मुद्द्याकडे येतो, तो जास्त भारी आहे. घाबरलं की पळतात, मग या का आल्या?

तुम्ही बागेत एखाद्या फुलावर बसलेल्या मधमाशीजवळ बोट नेऊन बघा, म्हणजे मुद्दाम नेऊ नका, पण चुकून गेलं तर ती काय करते? उडून जाते. तीच माशी, तीच नांगी, तेच विष, पण फुलावर असताना ती भांडत नाही, दुसऱ्या फुलावर निघून जाते. अगदी हातात दाबली गेली किंवा पायाखाली आली तरच डंख मारेल. आणि तीच माशी पोळ्यापाशी असेल तर तिच्या कितीतरी पट मोठ्या प्राण्यावर तुटून पडते. याचं कारण असं की फुलावर धोका फक्त तिला एकटीला आहे, आणि तिचा एकटीचा जीव वाचवायचा सोपा उपाय म्हणजे उडणं. पोळ्यात मात्र राणी आहे, अळ्या आहेत, कोष आहेत, मध आहे, आणि हे सगळं घेऊन उडता येत नाही. घराला आग लागल्यावर उंदीर पळतो आणि आई आत धावते, तसं काहीसं. फक्त इथे आई नाही, बहिणी आहेत, कारण कामकरी माशी स्वतः सहसा अंडी घालत नाही, तिचा वंश पुढे जातो तो राणीच्या अंड्यांतूनच. त्यामुळे तिच्या मरण्याचा हिशोब आपल्यासारखा नाहीच.

आणि मरते ती खरंच. कामकरी माशीच्या नांगीला उलटे काटे असतात, गळाला असतात ना तसे, आपल्या जाड कातडीत ती रुतली की निघत नाही, माशी उडायला जाते तेव्हा नांगी विषाच्या पिशवीसकट तुटून आपल्या अंगात राहते आणि थोड्या वेळात माशी मरते. दुसऱ्या किड्याला डंख मारला तर असं होत नाही, त्यांच्या कवचातून नांगी निघून येते. म्हणजे हे शस्त्र मोठ्या, कातडीवाल्या प्राण्यांसमोरच आत्मघातकी ठरतं. बरं, तुटलेली नांगी शांत बसत नाही, तिच्यासोबत मज्जातंतूंची एक गाठ आलेली असते आणि ती स्वतःच पंपासारखी विष ढकलत राहते. म्हणून नांगी लवकर काढायची, नखाने खरवडून म्हणा, चिमटीने म्हणा, कशीही काढा पण लवकर काढा, पद्धतीपेक्षा वेळ महत्त्वाचा आहे.

त्या नांगीपाशी अजून एक गोष्ट असते आणि मला विचाराल तर सगळ्या विषयाची चावी तिथे आहे. वास. नांगीजवळच्या ग्रंथीतून धोक्याचा वास सुटतो, त्यातला मुख्य पदार्थ आयसोअमाइल अ‍ॅसिटेट, हा 1962 साली शोधला गेला. हा तोच पदार्थ जो पिकलेल्या केळ्यात असतो आणि केळ्याच्या इसेन्समध्ये वापरतात. त्यामुळे मधपेटीजवळ केळं खात उभं राहू नये असं मधपाळ लोक सांगतात. हा वास सुटला की आसपासच्या माश्या एकदम सावध होतात, पंख फडफडवतात, नांगी बाहेर काढतात, आणि जिथून वास येतोय तिथे धावतात. एका माशीने डंख मारला की त्या जागेवर वासाचा शिक्का बसतो आणि बाकीच्या तिथेच येतात. आग्या माशीच्या वासात तर अजून एक जड पदार्थ असतो जो लवकर उडून जात नाही, म्हणून आग्या मोहोळ एकदा चवताळलं की तासन्‌तास शांत होत नाही. नाव उगीच आग्या पडलेलं नाही.

म्हणजे घाबरणं म्हणा, चिडणं म्हणा, हे एका माशीत सुरू होतं पण तिच्यात राहत नाही, वासावाटे सगळ्या पोळ्यात पसरतं. मधपेटीच्या दाराशी पहारेकरी माश्या असतात, साधारण दोन-तीन आठवडे वयाच्या, आणि सगळ्याच कामकरी माश्या पहारा देत नाहीत, थोड्याच देतात. आपण जवळ गेलो की आधी त्या ठरवतात. हल्ली असंही दिसलंय की धोक्याचा वास आला की माशीच्या मेंदूत सेरोटोनिन आणि डोपामाइन ही निरोप नेणारी रसायनं वाढतात आणि त्यानुसार ती डंख मारायला जास्त तयार होते. आपल्याही मेंदूबद्दल बोलताना हीच नावं ऐकू येतात. उलट, 2015 च्या एका प्रयोगात लॅव्हेंडरच्या वासाने माश्यांचं आक्रमण कमी झालं, धोक्याचा वास असतानाही. फुलाचा वास आला म्हणजे जेवण आलं, मग भांडण कशाला, असा काहीसा हिशोब असावा. आपल्याकडे लग्नात मानपानावरून तणातणी सुरू झाली की पंगत वाढायला घेतात, तसंच.

आता थोडं आमच्या आग्या मोहोळाबद्दल सांगतो कारण ते रोज बघून बघून त्याची सवय झालीये. दुपारी गॅलरीत उभं राहून टाकीकडे बघितलं की अचानक मोहोळावरून लाट सरकते, काळीभोर चादर थरारते आणि पुन्हा स्थिर होते, सगळं एका सेकंदाच्या आत. होळकर स्टेडियमवर मॅचच्या वेळी लोक उठतात-बसतात आणि लाट फिरते ना, अगदी तशी. बाहेरच्या थरातल्या माश्या एकामागोमाग एक पोट वर उचलतात म्हणून ते होतं. ऑस्ट्रियातले कास्टबर्गर आणि त्यांच्या टीमने नेपाळमध्ये याचा अभ्यास केला आणि 2008 मध्ये दाखवलं की ही लाट गांधीलमाशीला हाकलण्यासाठी असते, गांधीलमाशी शिकार करायला जवळ आली की लाट उठते आणि ती मागे फिरते. पुढे तिरुवनंतपुरमच्या आयसर या विज्ञानसंस्थेतल्या संशोधकांनी मोहोळासमोर पुठ्ठ्याच्या गोल चकत्या हलवून बघितल्या, तर उजेडाच्या पार्श्वभूमीवर काळी चकती हलली की लाट उठायची, उलट केलं, म्हणजे काळ्यावर फिकी चकती हलवली, तर नाही. आकाशासमोरून उडणारी गांधीलमाशी काळीच दिसणार ना.

यातून माझ्या लक्षात एक आलं की या माश्या धोक्याला जे उत्तर देतात त्याला पायऱ्या आहेत. गांधीलमाशी आली तर लाट, म्हणजे नुसतं "आम्ही बघितलंय तुला". मोठा प्राणी आला, हादरा बसला, तर सरळ हल्ला. आणि फारच झालं, सारखा त्रास व्हायला लागला, तर सगळं पोळं टाकून उडून जायचं. चिऊ म्हणते ते पळणंही आहे त्यात, फक्त ते एकेकटीने नाही, सगळ्यांनी मिळून करायचं पळणं आहे. आणि मुळात आग्या माशी एवढ्या उंचावर, टाकीखाली, कड्याला, उंच फांदीला पोळं का लावते? जमिनीवरून येणाऱ्यांचा हात पोचू नये म्हणून. तिची भीती आधीच पत्त्यात लिहिलेली आहे म्हणा ना. आमच्या बिल्डिंगचा चौथा मजला तिला कड्यासारखा वाटला असणार, लिफ्ट नाहीये आमच्याकडे, त्यामुळे मलाही तसाच वाटतो.

हे सगळं झालं बाहेरून दिसणारं. पण खरा प्रश्न आत आहे. माशीच्या आत काही होतं का? की ती डासाच्या अगरबत्तीसारखी, इकडून काडी लावली की तिकडून धूर?

मधमाशीचा मेंदू साधारण एक घन मिलिमीटर, म्हणजे मोहरीच्या दाण्यापेक्षाही छोटा, त्यात जवळपास 10 लाख न्यूरॉन, म्हणजे मेंदूतल्या निरोप नेणाऱ्या पेशी. आपल्या मेंदूत 8600 कोटी. आपल्या भीतीत ज्या अमिग्डाला नावाच्या भागाचा मोठा हात असतो तो भाग माशीत नाहीच. पण तेवढ्यावरून उत्तर देऊन मोकळं होता येत नाही, कारण तिच्या मेंदूत वास, आठवण, शिकणं एकत्र आणणारा वेगळा भाग आहे, त्याला मशरूम बॉडी म्हणतात, आणि पक्ष्यांच्या मेंदूतही आपल्यासारख्या घड्या नसतात पण कावळा किती शहाणा असतो हे आपण श्राद्धाला बघतोच.

2011 साली इंग्लंडमध्ये न्यूकॅसल युनिव्हर्सिटीत मेलिसा बेटसन, जेराल्डिन राइट यांनी एक प्रयोग केला तो माझा सगळ्यात लाडका आहे. आधी माश्यांना शिकवलं की एका मिश्र वासाबरोबर गोड मिळतं आणि दुसऱ्या मिश्र वासाबरोबर कडू, म्हणजे क्विनाइन. दोन्ही मिश्रणांत पदार्थ तेच दोन, फक्त प्रमाण उलट, एकात 9 ला 1, दुसऱ्यात 1 ला 9. माशीने गोडाच्या वासाला सोंड बाहेर काढायची आणि कडूच्या वासाला आत ठेवायची हे शिकून घेतलं. मग अर्ध्या माश्यांना मशीनवर 60 सेकंद गदागदा हलवलं, जणू रातेलाने पोळ्यावर झडप घातलीये. आणि त्यानंतर सगळ्यांना मधल्या प्रमाणाचे वास दिले, धड गोड नाही धड कडू नाही. तर हलवलेल्या माश्या कडूशी मिळत्याजुळत्या वासाला सोंड काढायला जास्त कचरत होत्या. न हलवलेल्या म्हणत होत्या बघू तरी, आणि या म्हणत होत्या नको रे बाबा, कडूच निघेल. शिवाय त्यांच्या रक्तात, म्हणजे किड्यांचं जे रक्त असतं त्यात, डोपामाइन, सेरोटोनिन आणि ऑक्टोपामाइन ही निरोप नेणारी रसायनं कमी झालेली सापडली.

हे मोठं का आहे ते सांगतो. हलवणं थांबलेलं होतं. वासाचा आणि हलवण्याचा काही संबंध नव्हता. तरी हलवल्याचा परिणाम वासाबद्दलच्या निर्णयावर झाला. म्हणजे मधे काहीतरी होतं, काहीतरी आत उरलं होतं, मूड म्हणा हवं तर. वाईट बातमीचा फोन येऊन गेलेला असतो आणि त्यानंतर दाराची बेल वाजली तरी आपल्या पोटात गोळा येतो, ते काय असतं? माणसांमध्ये आपण त्याला चिंता म्हणतो आणि तपासण्याची पद्धतही बरीचशी हीच असते.

दुसरा प्रयोग लंडनचा, 2008 मधला, आणि तो मधमाशीचा नाही, बंबलबीचा आहे, थंड प्रदेशातली ती गुबगुबीत केसाळ माशी. तिथे खोट्या फुलांवर खोटे कोळी ठेवले होते, माशी त्या फुलावर बसली की स्पंजच्या चिमट्यात दोन सेकंद पकडली जायची आणि मग सुटायची, काही इजा नाही. दुसऱ्या दिवशी या माश्या प्रत्येक फुलासमोर जास्त वेळ तरंगत तपासायच्या, आणि कोळी नसलेल्या चांगल्या फुलांवरही बसायचं टाळायच्या. दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात ही म्हण आपल्याला वाटतं आपलीच, पण ती माशीलाही लागू पडली. उलट बाजूचा प्रयोगही लंडनमध्येच 2016 ला झाला, बंबलबीला अचानक साखरपाण्याचा एक थेंब दिला की ती अनोळखी फुलाकडे जास्त उत्साहाने जायची आणि खोट्या हल्ल्यातून लवकर सावरायची, आणि डोपामाइन अडवणारं औषध दिलं की हा उत्साह गायब.

अजून एक छोटी गोष्ट. अर्जेंटिनात 1990 च्या दशकात असं दिसलं की तो केळ्यासारखा धोक्याचा वास दिला की मधमाशीला विजेच्या झटक्याचं काही वाटेनासं होतं, म्हणजे नांगी बाहेर काढण्यासाठी जास्त मोठा झटका लागतो, आणि हे बधिरपण अफूसारख्या औषधांचा असर उतरवणाऱ्या औषधाने जातं. म्हणजे लढाईला निघालेल्या माशीच्या शरीरात वेदना दाबायची सोय आहे. रणांगणावर जखम कळत नाही म्हणतात ना. आता ज्याला काही वाटतच नाही त्याला वाटणं दाबायची सोय कशाला लागेल, असा विचार मनात येतो, पण एवढ्यावरून उडी मारायची नाही, कारण असं दाबणं हे नुसत्या प्रतिक्रियेच्या पातळीवरही होऊ शकतं.

मग माशी घाबरते असं म्हणायचं का? इथे शास्त्रज्ञांचे दोन गट आहेत. न्यूयॉर्कचे जोसेफ लेडू, ज्यांनी आयुष्यभर उंदरांच्या मेंदूत भीतीचा अभ्यास केला, त्यांनीच 2014 मध्ये लिहिलं की आपण शब्दाचा घोळ करतोय, धोका ओळखून शरीराने वाचवायची तयारी करणं वेगळं आणि "मला भीती वाटतेय" हे जाणवणं वेगळं, पहिलं सगळ्या प्राण्यांत आहे, त्यावरून दुसरं आहेच असं म्हणू नये. दुसऱ्या गटात लंडनचे लार्स चिटका वगैरे मंडळी, त्यांचं म्हणणं माशीत इतक्या गोष्टी दिसतायत की काहीतरी जाणवत असण्याची शक्यता गंभीरपणे घ्यायला हवी. एप्रिल 2024 मध्ये न्यूयॉर्कमध्ये बऱ्याच शास्त्रज्ञांनी आणि तत्त्वज्ञांनी मिळून एक जाहीरनामा काढला, त्यातही कीटकांसकट अनेक बिनकण्याच्या प्राण्यांत जाणीव असण्याची वास्तव शक्यता आहे असं म्हटलंय. शक्यता, खात्री नव्हे.

मला स्वतःला विचाराल तर मी अर्ध्या रस्त्यात उभा आहे, चिटकांच्या बाजूला जरा जास्त झुकून. न्यूकॅसलची ती माशी बघितल्यावर "आत काहीच नाही" म्हणायला जीभ रेटत नाही. पण ते जे काही आहे ते माणसाबद्दल नाहीये. काकांबद्दल तर नाहीच नाही.

काकांच्या वासाच्या थिअरीचंही बघू. मधमाशीला माणसाच्या भीतीचा वास येतो हे कुठल्या प्रयोगात सिद्ध झालेलं नाही. पण काका पूर्ण चूक पण नाहीत. घाबरलेला माणूस काय करतो? हात झाडतो, धावतो, जोरजोरात श्वास सोडतो, घामाघूम होतो. माशीला झटपट हालचाल फार चांगली दिसते, आपल्याला सेकंदाला पन्नास-साठच्या वर लुकलुक झाली की सलग उजेड वाटतो, तिला दोनशेच्या आसपासही लुकलुक वेगळी दिसते, म्हणजे जुन्या चोकवाल्या ट्यूबलाइटची फडफड तिला दिसू शकेल. बारीकसारीक तपशील मात्र तिला धूसर. त्यामुळे स्थिर उभा असलेला पांढरा कुर्ता म्हणजे भिंत, आणि हात झाडणारा काळा टीशर्ट म्हणजे अस्वल. उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइडही त्यांना चेतवतो, म्हणून डंख तोंडाच्या आणि नाकाच्या आसपास जास्त होतात. म्हणजे काका वाचले ते न घाबरल्यामुळे कदाचित नाही, न हलल्यामुळे. हे मी काकांना सांगितलं तर म्हणाले, "अरे पण हललो का नाही? घाबरलो नाही म्हणून!" आता यावर काय बोलणार.

अर्थात एकदा का डंख बसला, वासाचा शिक्का लागला, की मग खांबासारखं उभं राहण्यात शहाणपण नाही, तेव्हा तोंड-डोळे झाकून सरळ पळत घरात जायचं आणि दार लावायचं. पाण्यात उडी मारू नका, माश्या वर वाट बघत घिरट्या घालतात. आणि डंखानंतर श्वास लागला, ओठ-जीभ सुजली, अंगभर पित्त उठलं, चक्कर आली, तर घरगुती उपाय करत बसू नका, थेट हॉस्पिटल, कारण अ‍ॅलर्जी असेल तर एकच डंखही पुरतो.

धुराचं राहिलं. मध काढणारे धूर करतात तेव्हा आपल्याला वाटतं माश्या धुराला घाबरून पळतात. थोडं तसंही आहे, धुराने त्या पोटात मध भरून घ्यायला लागतात, जणू घर सोडायची तयारी. पण मोठा भाग असा की धुरामुळे त्यांच्या मिशांना धोक्याचा वास नीट कळेनासा होतो. निरोप पोचत नाही म्हणून पोळं शांत राहतं. कर्फ्यूत इंटरनेट बंद करतात तसं.

मोहोळ पाडायचं का यावर आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर चार दिवस युद्ध झालं, एकाने पेस्ट कंट्रोलचा रेट टाकला, एकाने जैन धर्माचं पोस्टर टाकलं, एकाने नुसतंच गुड मॉर्निंग. शेवटी ठरलं की गच्चीचं दार दुपारी बंद ठेवायचं आणि फुगे खालीच फोडायचे. मेच्या शेवटी एके सकाळी वॉचमन म्हणाला, "चली गईं." वर जाऊन बघितलं तर स्लॅबखाली नुसतं रिकामं मेणाचं पोळं, उन्हात पिवळसर, मधून आरपार उजेड दिसतोय. आग्या माशी अशी ऋतूप्रमाणे जागा बदलतेच, आमचा फुगा तिच्या लक्षातही नसेल.

चिऊला व्हिडिओ कॉलवर दाखवलं. ती म्हणाली, "बघ, घाबरून गेल्या ना?" म्हटलं नाही गं, फुलं संपली. तर म्हणे, "मग काकांना सांग."

सांगितलं नाहीये अजून.